देशी वाण कायद्याने कसं राखायचं: नागपूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

उमरेड, भिवापूर, कुही, मौदा या पट्ट्यात आजही अशी घरं आहेत जिथे दुकानात न मिळणारं धानाचं बियाणं दरवर्षी निवडून ठेवलं जातं. कुणाकडे जुनी लाखोळी आहे, कुणाकडे आजीपासून चालत आलेली मिरची. या बियाण्यावर त्या घराचा आणि त्या गावाचा हक्क आहे, आणि तो आपल्या देशाच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेला आहे. पण वाद उभा राहिला की पहिला प्रश्न येतो, "पुरावा काय?" तिथे बहुतेकांचे हात रिकामे असतात. तो पुरावा कसा तयार करायचा, कुणाकडे न्यायचा आणि वेळ आली तर कसा वापरायचा, हे इथे सांगतो.

ही काळजी पोकळ नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या बांधीत पटेल-३ या धानात काही वेगळ्या लोंबा पाहिल्या. त्या वेगळ्या काढून वर्षानुवर्षं निवड करत त्यांनी वाण तयार केलं. तेच एचएमटी. आज विदर्भात क्वचितच एखादं किराणा दुकान असेल जिथे हे नाव माहीत नाही. पुढे त्यांच्या बियाण्याचा नमुना नेला गेला, तो शुद्ध करून संशोधन संस्थेच्या नावाने वाण प्रसारित झालं. दादाजींना मानसन्मान मिळाले, पण ज्या तांदळाने इतक्यांची घरं चालली त्याच्या मोबदल्यातलं फारसं काही त्यांच्या पदरात पडलं नाही. २०१८ मध्ये ते गेले. त्यांनी हे काम केलं तेव्हा शेतकऱ्याच्या वाणाची नोंद करणारा कायदाच नव्हता. आता आहे, आणि तो न वापरणं आपल्याला परवडणारं नाही.

कोणता कायदा कशासाठी

तीन कायदे लक्षात ठेवले तरी पुरे.

पहिला, पीक वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा, २००१. वाणाची मालकी यात ठरते. या कायद्यात शेतकरी म्हणजे नुसता पिकवणारा नव्हे. जो पारंपरिक वाण जपतो, किंवा निवड करून त्याचे गुण ओळखतो आणि वाढवतो, तोही व्याख्येत बसतो. दादाजींसारखं काम करणाऱ्यासाठी हेच वाक्य महत्त्वाचं आहे.

दुसरा, जैवविविधता कायदा, २००२. बियाणं, वनस्पती, जनावरं आणि त्यांच्याविषयीचं स्थानिक ज्ञान कुणी व्यापारासाठी किंवा संशोधनासाठी नेत असेल तर त्याने कुणाला विचारायचं आणि लाभातला वाटा कसा द्यायचा, ते यात आहे. २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तुरुंगवासाची शिक्षा गेली, त्याजागी दंड आला. माझ्या मते यामुळे धाक कमी झाला, आणि म्हणूनच गावपातळीची नोंद अधिक पक्की हवी.

तिसरा, भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा. नागपुरी संत्रा त्यातच येतो. यात नावाचं संरक्षण होतं, बियाण्याचं नाही. हा फरक फार जणांच्या लक्षात येत नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

पेटंटची भीती अनेकांना वाटते. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ नुसार वनस्पती, बियाणं, वाण यांवर पेटंट मिळत नाही, पारंपरिक ज्ञानावरही नाही. परदेशात मात्र तसं नसतं. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ते १९९७ मध्ये रद्द करवलं. ते जमलं छापील पुरावे समोर ठेवल्यामुळे. घरोघरच्या आयांना हे माहीत होतं, एवढं सांगून भागलं नसतं.

पीक उभं असतानाच वही उघडा

लोक आधी अर्ज शोधतात आणि मग वाण पाहायला जातात. उलटं करा. अर्जातले सगळे रकाने शेतात भरतात, आणि हंगाम गेला की वर्ष गेलं.

धानाचं उदाहरण घेतो. पऱ्हे टाकण्याआधीच ठरवा की एका बांधीत फक्त हेच वाण रोवायचं, शेजारी दुसरं असेल तर मध्ये मोकळी पट्टी ठेवायची. धान स्वपरागीत आहे, त्यामुळे भेसळीचा धोका वाऱ्यापेक्षा मळणीत जास्त. खळ्यावर आधीच्या धानाचे दाणे राहिलेले असतात, पोत्याच्या शिवणीत अडकलेले असतात. मिरची, ज्वारी, तूर यांचं तसं नाही. त्यांचं परागीकरण शेजारच्या पिकाशी सहज होतं, म्हणून बियाण्यासाठीची झाडं संकरित पिकापासून चांगली लांब हवीत. ते शक्य नसेल तर फुलं येण्याआधी काही फांद्यांना पातळ कापडाच्या पिशव्या बांधा.

मग वहीत तारखेसह लिहीत जा. पेरणी कधी, रोवणी कधी, निम्मं पीक निसवलं तो दिवस कोणता, कापणी कधी. पानाचा खोडाला लपेटणारा भाग हिरवा की जांभळट? लोंबीला कुसळ आहे का, असेल तर सगळ्या दाण्यांना की टोकाच्याच? तुसाचा रंग, तांदळाचा रंग, वास, दाण्याची लांबी, हजार दाण्यांचं वजन. झाडाची उंची दहा-बारा ठिकाणी मोजून लिहा. फोटो काढताना बाजूला मोजपट्टी धरा आणि मागे शेत ओळखू येईल असं काहीतरी राहू द्या.

याच वहीत दुसरी नोंद हवी, आणि ती बहुतेक जण विसरतात. हे वाण कुठून आलं? आजोबांनी आणलं, सोयऱ्यांकडून आलं, की आपल्याच शेतात वेगळं झाड दिसलं? गावात आणखी कोण लावतं? कशासाठी वापरतात, पोह्यासाठी, मुरमुऱ्यासाठी, बाळंतिणीच्या पेजेसाठी? गावातल्या दोन-तीन वडीलधाऱ्यांकडून हे विचारून, लिहून, खाली त्यांच्या सह्या घ्या. कायद्याच्या भाषेत वाण 'पारंपरिक' ठरतं ते या ओळींमुळे.

ग्रामपंचायतीतली नोंदवही

जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि समितीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मुदत घालून दिल्यावर देशभर २०१९-२० च्या सुमारास या समित्या आणि नोंदवह्या धडाक्यात पूर्ण झाल्या. घाईचं काम जसं होतं तसं अनेक ठिकाणी झालं.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (आधीचे ग्रामसेवक) जाऊन नोंदवही मागा आणि पिकांचं पान उघडा. पुष्कळदा तिथे असं दिसतं: 'धान, स्थानिक जाती, खरीप, खाण्यासाठी.' बस. या ओळीने कुणाचंच काही राखलं जात नाही. ती ओळ अशी हवी: वाणाचं गावातलं नाव, कोणत्या शिवारात लावतात, किती कुटुंबं लावतात, ओळखीच्या खुणा, किती दिवसांत येतं, कशासाठी वापरतात, बियाणं कोण राखतं, किती पिढ्यांपासून. तुमच्या वहीत हे सगळं आलेलंच आहे. ते स्वच्छ कागदावर उतरवून समितीच्या अध्यक्षांच्या नावे अर्ज द्या, पोच घ्या आणि पुढच्या बैठकीत विषय घ्यायला लावा. बैठकीचं इतिवृत्त आणि नोंदवहीच्या पानाची सही-शिक्क्याची प्रत घरी ठेवा. जमिनीला सातबारा तसा तुमच्या वाणाला हा कागद समजा.

एक सावधगिरी. औषधी वनस्पतींचं किंवा वैदूंचं गुप्त ठेवलेलं ज्ञान असेल तर ते जसंच्या तसं नोंदवहीत उतरवण्याआधी त्या माणसाची संमती घ्या आणि तो भाग सगळ्यांना खुला न ठेवण्याचा ठराव करा.

समितीच नसेल, किंवा कागदावरच असेल तर? महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्यालय आपल्या नागपुरातच, सिव्हिल लाइन्समध्ये आहे. राज्यभरातल्या लोकांना ज्या दाराशी यायला रात्रभर प्रवास करावा लागतो, ते आपल्याला तालुक्याच्या बसने गाठता येतं. लेखी अर्ज घेऊन जा, आवक क्रमांक घ्या.

जनावरांचीही नोंद याच वहीत होते. गवळाऊ गाय, नागपुरी म्हैस, बेरारी शेळी या आपल्या भागाच्या नोंदलेल्या जाती आहेत. ही राष्ट्रीय नोंद कर्नालचा राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो करतो. पण पिकाच्या वाणावर जसा शेतकऱ्याला हक्क मिळतो तसा जनावरांच्या जातीवर पशुपालकाला देणारा कायदा आपल्याकडे नाही. म्हणून गोपालकांसाठी तर गावची नोंदवही हाच मोठा आधार.

बियाण्याचा नमुना सुरक्षित ठेवणं

राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोचं प्रादेशिक केंद्र अकोल्याला आहे. तिथे पारंपरिक वाणाचा नमुना देता येतो. देताना गाव, तालुका, देणाऱ्याचं नाव, वाणाचं स्थानिक नाव अशी माहिती भरून द्यावी लागते. तुमचं नाव त्या नोंदीत देणारा म्हणून लागलं आहे याची खात्री करा आणि मिळणारा क्रमांक वहीत लिहा. राष्ट्रीय जनुककोशात बियाणं वाळवून उणे १८ अंशांवर ठेवतात. एखाद्या वर्षी पीक बुडालं तर तुमचंच वाण परत मागता येतं, आणि तारखेचा सरकारी पुरावा आपोआप तयार होतो.

कापसासाठी वर्धा रोडवरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि संत्र्यासाठी अमरावती रोडवरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था जवळच आहेत. देशी कापसाचं जुनं बियाणं कुणाकडे उरलं असेल तर त्यांनी याच वर्षी हे करावं. बीटी कापूस आल्यापासून ते शेतांतून इतक्या वेगाने गेलं की उरलेली प्रत्येक मूठ मोलाची आहे. संत्र्याचं बी धानासारखं वाळवून गोठवता येत नाही. त्याचं जतन झाडाच्याच रूपात, बागेत होतं.

वाणाची नोंदणी

नवी दिल्लीच्या पीक वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण प्राधिकरणाकडे ही नोंदणी होते. पुण्यात त्यांचं शाखा कार्यालय आहे.

आधी पीक अधिसूचित यादीत आहे का पाहा. धान, ज्वारी, गहू, तूर, हरभरा, कापूस कधीच आले आहेत, यादी वाढत राहते. पारंपरिक वाणांच्या अर्जाला पीक अधिसूचित झाल्यापासून मुदत ठरवलेली असते. ती याआधी वाढवली गेली आहे, म्हणून 'मुदत गेली' असं कुणी तोंडी सांगितलं तर पुणे कार्यालयातून लेखी उत्तर मागा.

शेतकऱ्यांच्या वाणासाठी वेगळा, सोपा अर्ज आहे. त्यावर चारपैकी एकाची शिफारस लागते: पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती, जिल्हा कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक, किंवा जिल्हा आदिवासी विकास अधिकारी. गावच्या समितीवर मी एवढा भर दिला त्याचं कारण इथे दिसेल. आपली समिती जागी असेल तर शिफारशीसाठी कुणाच्या दारात ताटकळावं लागत नाही.

वाण तीन कसोट्यांवर तपासलं जातं: इतर माहीत वाणांपासून वेगळं आहे का, एकसारखं आहे का, आणि पुढच्या पिढ्यांतही तसंच राहतं का. नवेपणाची अट पारंपरिक वाणाला नाही. एकसारखेपणातही सवलत आहे. इतर वाणांत जितकी वेगळी झाडं चालतात त्याच्या दुप्पट शेतकऱ्याच्या वाणात चालतात. तरीही सर्वाधिक अर्ज इथेच अडतात असा माझा अनुभव आहे. म्हणून अर्जाच्या आधी दोन हंगाम तरी लोंबी निवडून, वेगळी झाडं उपटून बियाणं स्वच्छ करा.

नावाचा विचार आधीच करा. नाव नुसत्या आकड्यांचं नको, गुणांबद्दल दिशाभूल करणारं नको, आणि गावाचं किंवा प्रदेशाचं नाव त्यात असेल तर ते प्रामाणिक वापर आहे हे निबंधकांना पटवावं लागतं.

शुल्क नाही. कायद्याच्या कलम ४४ नुसार शेतकऱ्याला किंवा शेतकऱ्यांच्या गटाला प्राधिकरणापुढच्या कोणत्याही कामकाजासाठी फी द्यावी लागत नाही. 'नोंदणी करून देतो' म्हणून कुणी हजारो रुपये मागत असेल तर सावध व्हा. अर्ज स्वीकारल्यावर वाणाची जाहिरात प्राधिकरणाच्या नियतकालिकात येते, आणि त्यानंतर तीन महिने कुणालाही हरकत घेता येते. हेच हत्यार तुमच्याही हातात आहे. दुसऱ्या कुणी तुमच्या गावचं वाण आपल्या नावाने टाकलं असेल तर त्याच तीन महिन्यांत नोंदवहीची प्रत जोडून हरकत घ्या.

वाण एका घराचं नसून गावाचं असेल तर अर्जही गटाच्या नावाने करा. एकट्याच्या नावावर टाकून गावात भांडण लावण्यापेक्षा हे कधीही बरं. नोंदणी झाल्यावर पिकाला १५ वर्षांपर्यंत आणि फळझाडं, वेली यांना १८ वर्षांपर्यंत संरक्षण मिळतं. तुमच्या वाणात जुजबी बदल करून कुणाला नवं वाण काढायचं असेल तर त्याला तुमची संमती लागते. जे जतन करतात त्यांच्यासाठी याच प्राधिकरणाचे पुरस्कारही आहेत, समुदायाला १० लाख रुपयांपर्यंतचा. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

संत्रा, मिरची आणि मानांकन

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भिवापुरी मिरचीलाही आहे, शेजारच्या वायगावच्या हळदीलाही. पण काटोल-नरखेडच्या बागायतदाराला 'नागपुरी संत्रा' हे मानांकित नाव आपल्या पेटीवर कायदेशीरपणे लावायचं असेल तर स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. अर्ज चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे जातो, आणि २०२० पासून त्याची फी अवघी १० रुपये आहे. मानांकन १० वर्षांचं असतं आणि त्याचं नूतनीकरण करावं लागतं, म्हणून अर्जाआधी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्याची सद्यस्थिती पाहा.

मात्र मानांकनामुळे दुसऱ्या राज्यात कुणी तीच कलमं लावू शकणार नाही, असं नाही. तो लावेल, फक्त नाव वापरू शकणार नाही. भिवापूरच्या सातऱ्यावर (मिरची वाळवण्या-निवडण्याच्या जागेवर) आज खऱ्या भिवापुरी वाणापेक्षा संकरित मिरचीच जास्त येते. नाव राखलं गेलं आणि बियाणं संपलं तर उपयोग काय? म्हणून मानांकन मिळालेल्या पिकाचंही बियाणं राखा आणि नोंदवा.

बियाणं देणं, घेणं, विकणं

कलम ३९ नुसार शेतकरी आपल्या शेतातलं बियाणं राखू शकतो, पेरू शकतो, वाटू शकतो, बदलू शकतो आणि विकूही शकतो, अगदी ते कंपनीच्या नोंदलेल्या वाणाचं असलं तरी. बंदी एकाच गोष्टीला आहे: संरक्षित वाणाचं नाव छापलेल्या पाकिटात घालून विकायचं नाही. १९६६ च्या बियाणे कायद्यातही स्वतः पिकवलेलं बियाणं स्वतःच्या जागेवरून पेरणीसाठी थेट दुसऱ्याला देण्यास सूट आहे. बचत गटाने मात्र पाकिटं बांधून, लेबल लावून दुकान मांडलं तर तो व्यापार होतो आणि कृषी विभागाचा परवाना लागतो. बीजोत्सवासारख्या ठिकाणी देवाणघेवाण करताना कुणाला काय दिलं हे वहीत लिहून ठेवा.

कुणी नमुना मागायला आलं तर

गाडी येते, सभ्य माणसं असतात, "काकाजी, किलोभर बियाणं द्या, अभ्यासासाठी पाहिजे" म्हणतात. पाहुणचार जरूर करा. बियाणं देण्याआधी कागद मागा. कोणत्या संस्थेकडून आलात, काम संशोधनाचं की व्यापाराचं, परदेशी भागीदार आहे का? परदेशी व्यक्ती किंवा परदेशी नियंत्रणाखालची कंपनी असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. भारतीय कंपनी व्यापारासाठी नेत असेल तर तिने राज्य मंडळाला आधी कळवायला हवं. शेतकरी आणि स्थानिक लोकांना हे बंधन नाही.

परवानगी असेल तर एका कागदावर लिहून घ्या: कोणतं वाण, किती वजन, कशासाठी, पुढे दुसऱ्याला देणार का, निष्कर्ष आणि लाभ गावाला कसा कळवणार. दोघांच्या सह्या, तारीख, समितीला एक प्रत. समितीला व्यापारी वापरासाठी संकलन शुल्क घेण्याचा अधिकार आहे आणि ते स्थानिक जैवविविधता निधीत जमा होतं. सरकारी संस्थेच्या माणसालाही हाच कागद द्यायला सांगा. चांगला शास्त्रज्ञ त्यावर आनंदाने सही करतो.

नोटीस आली तर

२०१९ मध्ये गुजरातेत पेप्सिको कंपनीने आपलं नोंदलेलं बटाट्याचं वाण पिकवलं म्हणून शेतकऱ्यांवर दावे लावले, काहींकडून एक कोटीहून जास्त भरपाई मागितली. शेतकरी संघटनांनी कलम ३९ पुढे केलं, देशभर आवाज उठला आणि कंपनीने दावे मागे घेतले. त्या वाणाच्या नोंदणीवरचा वाद पुढे वेगळा चालत राहिला.

म्हणून नोटीस आली तर घाबरून कोऱ्या कागदावर किंवा तडजोडीच्या मसुद्यावर सही करू नका. शेतातून नमुना कोण घेऊन गेलं, कोणाच्या परवानगीने, हे तारखेसह लिहा. बियाणं कुठून आणलं त्याची नोंद काढा. कलम ४२ प्रमाणे, वाणावर कुणाचा हक्क आहे हे शेतकऱ्याला माहीतच नसेल तर त्याने हक्कभंग केला असं धरता येत नाही. असा दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले यांना तिथे वकील विनामूल्य मिळतो.

उलट बाजूने, विकत घेतलेलं बियाणं कंपनीच्या दाव्याप्रमाणे निघालं नाही तर तक्रार तुम्ही करायची आहे. नोंदणीकृत वाण असेल तर कलम ३९ (२) खाली प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे, कारण बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मान्य केलं. त्यासाठी पावती, पाकीट आणि त्यावरचा लॉट क्रमांक लागतो. पेरणीच्या दिवशी पाकीट बांधावर फेकू नका, थोडं बियाणं त्यातच शिल्लक ठेवा. आणि पीक उभं असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे पंचनाम्याचा लेखी अर्ज द्या, कारण कापणीनंतर तपासायला शेतात काही उरत नाही.